‘अपडेटने एसएसडी गायब होते’: त्या मेसेजचा एकेक मुद्दा

ऑगस्ट २०२५पासून एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विंडोज ११च्या अपडेटमुळे एसएसडी (लॅपटॉपमधला डेटा चिपांवर साठवणाऱ्या ड्राइव्ह) जळतात, तेव्हा अपडेट कायमची बंद करा, लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह दिसेनाशी झाली की ती मेली समजा, आणि विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं तर बिनधास्त हो म्हणा, डेटा नंतर सॉफ्टवेअरने परत मिळतो. हे शेवटचं वाचून मला गप्प बसवेना. त्या एका ‘हो’पायी माझ्या मामेबहिणीच्या मुलीचे चार वर्षांचे फोटो गेले आहेत.

आधी अपडेटचं बघू. १२ ऑगस्ट २०२५ला आलेल्या केबी५०६३८७८ या अपडेटनंतर जपानमधल्या एकाने लिहिलं की, साठ टक्क्यांच्या वर भरलेल्या एसएसडीवर एका दमात पन्नासेक जीबी कॉपी केलं की ड्राइव्ह नाहीशी होते. तक्रार खोडसाळ नव्हती. इतरांनाही तसं दिसलं. पण एसएसडीचे कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार बघणाऱ्या चिपा, बनवणाऱ्या तैवानच्या फायसन कंपनीने ४,५०० तासांहून जास्त चाचण्या घेतल्या, २,२००हून जास्त फेऱ्या केल्या, तरी एकही ड्राइव्ह तशी पडली नाही. मायक्रोसॉफ्टलाही अपडेटचा संबंध सापडला नाही. पुढे तैवानमधल्या हौशी मंडळींच्या बंद पडणाऱ्या काही ड्राइव्हमध्ये बाजारात न आलेलं, चाचणीपुरतं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं, ती चालवणारं सॉफ्टवेअर) निघालं. कोट्यवधी लॅपटॉपवर एकाच आठवड्यात अपडेट येतं, तेव्हा त्याच आठवड्यात काही ड्राइव्ह आपल्या मरणाने मरणारच. त्यासाठी सुरक्षेची अपडेट बंद करणं म्हणजे चोराच्या भीतीने दाराची कडी काढून ठेवणं.

आता ‘दिसत नाही म्हणजे मेली’. दिसत नाही, पण कुठे? ‘धिस पीसी’मध्ये नसेल तर विंडोजचं बटण आणि एक्स दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. बऱ्याचदा ड्राइव्ह तिथे धडधाकट असते, फक्त तिचं ‘डी:’, ‘ई:’सारखं अक्षर गेलेलं असतं. उजवं क्लिक करून अक्षर दिलं की काम झालं.

तिथेही नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसत्या रीस्टार्टमध्ये ड्राइव्हची वीज तुटतेच असं नाही. मग सुरू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगांत, पाहा. तिथेही नाव नसेल तर संशय आधी जोडणीवर घ्यावा. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्कची पातळ पट्टीची केबल सैल होते, नव्यांत एम.२ची, म्हणजे च्युइंगगमसारख्या चपट्या एसएसडीची, पट्टी खाचेतून किंचित सरकते. ड्राइव्ह नुकतीच विकत घेऊन बसवली असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: एम.२ दिसायला एकसारख्या असल्या तरी काही साटा या जुन्या जोडणीवर चालतात, काही एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीवर. फक्त एनव्हीएमई ओळखणाऱ्या खाचेत साटाची पट्टी बसते, पण दिसत नाही. दुकानदार ‘पीस खराब’ म्हणून बदलून देतो, दुसरीही दिसत नाही, आणि गिऱ्हाईक लॅपटॉपला दोष देतं.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर वेगळीच गंमत. बायोसमध्ये ड्राइव्ह असते, पण विंडोज टाकायला घेतलं की इन्स्टॉलरची यादी कोरी. व्हीएमडी नावाची, ड्राइव्ह हाताळणारी इंटेलची सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे नसतो. पेन ड्राइव्हवर इंटेलचा आरएसटी नावाचा तोच ड्रायव्हर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’ने दिला की ड्राइव्ह उगवते. चालत्या विंडोजवर मात्र बायोसमधून व्हीएमडी बंद करू नका, विंडोज सुरूच होत नाही.

फॉरमॅटचा सल्ला सगळ्यात घातक. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कवर क्विक फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तसाच राहतो. रिकव्हरीचा समज तिथूनच आला. एसएसडीवर विंडोज फॉरमॅटसोबत ट्रिमचा हुकूमही सोडतं. ‘ही सगळी जागा रिकामी समज’ असं ड्राइव्हला कळतं आणि मग वाचायला गेलात तर शून्यं हाती येतात. भाचीच्या ड्राइव्हवर दोन दिवस रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चाललं. शून्यंच निघाली.

तेव्हा फॉरमॅट विचारलं की ‘कॅन्सल’. ‘इनिशियलाइज’ (ड्राइव्ह कोरी समजून नव्याने मांडायची का) विचारलं तरी ‘कॅन्सल’. डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडमधलं, ड्राइव्हची मांडणी पुसणारं ‘क्लीन’ तर नकोच. हार्डडिस्क टकटक आवाज करत असेल तर त्याच क्षणी बंद करा. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवून तिला आणखी दमवू नका. ड्राइव्ह वाचता येत असेल तर आधी तिची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर, मग दुरुस्ती.

आणि बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ आकडी किल्ली शोधून ठेवा. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या विंडोज ११मध्ये ड्राइव्ह अनेकदा न विचारता कुलूपबंद झालेली असते, आणि बायोसमधला एखादा बदल झाला की ती किल्ली मागते. किल्ली त्याच खात्यात असते, फोनवरून लॉगिन करूनही सापडते. ती कागदावर उतरवा, आणि कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.