कला आहे ना हातात, मग भोगा!

"तुझ्या हातात कला आहे गं, ताईच्या लग्नाच्या पत्रिका तूच कर!" हे ज्यांना पहिल्यांदा सुचलं, त्यांना आधी २५० लिफाफे चिकटवायला बसवा.

कागद म्हणे हातकागदच हवा, सुती चिंध्यांच्या लगद्याचा. दिसतो झकास! पण खडबडीत, त्यात शाई फुटते, आणि घरचा प्रिंटर तो गिळून गप्प बसतो. मग लिहा हाताने. वर वारली चित्र हवंच. गेरूवर पांढऱ्या रंगाने, बारीक काडीने, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारी अख्खी रांग. प्रत्येक पत्रिकेवर! मान मोडली माझी.

बरं, मजकूर तरी ठरलेला असावा? छे! 'आमचे येथे श्रीकृपेकरून' इथपर्यंत एकमत, पुढे महाभारत. मोठ्या काकांचं नाव धाकट्यांच्या खाली कसं? 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' याखाली आमची छकुली का नाही? अहो, तिला अजून दात नाहीत, ती कुणाला बोलावतेय? आणि निम्म्या पत्रिका रंगवून झाल्यावर गुरुजी सांगतात, मुहूर्त १२.३७ नाही, १२.४३! आपल्याकडे सहा मिनिटांनी काय बिघडतं? नवरदेव तरी वेळेवर घोड्यावरून उतरतो का?

एवढं करून लोक म्हणतात काय, "व्हॉट्सअ‍ॅपवर टाक ना, कार्ड कुठे सांभाळायचं!"

शेजारच्या काकूंना मात्र फार आवडल्या. "आमच्या बंड्याच्याही करशील ना? तशी तू घरीच असतेस."