१३,८२४ टाके

गोधडी हॉलमध्ये पसरली की घरातल्या माणसांनी भिंतीला चिकटून चालायचं, हा आमच्याकडचा सध्याचा नियम. चार बाय सहा फुटांची आहे, सिंगल. गणपतीत सुरू केली होती, अजून चालू आहे. त्यावर कुणी बोलत नव्हतं. परवापर्यंत.

परवा खालच्या मजल्यावरचे काका टाकीचं पाणी कधी सुटणार ते सांगायला आले. काका निवृत्त ओव्हरसियर. चपला काढल्या, बांधावरून चालावं तसे गोधडीच्या कडेकडेने खुर्चीपर्यंत पोचले आणि म्हणाले, “इंचात किती टाके?”

“मोजले नाहीत हो काका.”

झालं! काकांनी खिशातून टेप काढला. (नोकरी सुटली, टेप सुटला नाही.) गुडघे करकरवत खाली बसले आणि माझ्या धावदोऱ्यावर टेप लावला.

“चार... चार... इथे साडेतीन. इथे काय झालं?”

इथे कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या. पण मी गप्प.

“अठ्ठेचाळीस गुणिले बहात्तर, ३,४५६ चौरस इंच. दोन ओळींत अंतर एक इंच, म्हणजे ३,४५६ इंच शिवण. गुणिले चार. १३,८२४ टाके!”

मला भरून आलं. एवढं काम मी करतेय हे या घरात पहिल्यांदाच कुणीतरी आकड्यात सांगत होतं.

“मिनिटाला वीस टाके धरा. साडेअकरा तास.” काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “आणि तुम्ही गणपतीपासून बसलाय?”

पाणी कधी सुटणार ते सांगायचं राहूनच गेलं.

साडेअकरा तास! तुकडे कापून, जुळवून, एकमेकांना जोडायचे ते कुणी? ह्यांचा टेरिकॉटचा शर्ट हौसेने घातला, त्यात सुई नुसती घसरते. लेकाच्या जीन्समध्ये दोन सुया मोडल्या. आजी कडेपासून सुरू करायची आणि गोल गोल आत जायची. मी शहाणी, मधूनच सुरू केलं, तर मध्ये पुरणपोळीसारखा टम्म फुगा आला. तो उसवायला चार रात्री गेल्या. उसवलेले टाके काकांच्या हिशेबात कुठे आहेत?

आणि चिंध्या. पूर्वी शिंपी पिशवी भरभरून चिंध्या द्यायचा, वर “न्या ताई, तेवढाच केर कमी” म्हणायचा. आता म्हणतो, उशीवाला किलोवर नेतो, तुम्हाला लावू का तोच भाव? म्हणजे केरसुद्धा विकत.

लहानपणी पाहुणे आले की आमच्याकडे गोधड्या कपाटात जायच्या आणि सोलापुरी चादरी बाहेर यायच्या. लाज वाटायची. आता तीच गोधडी प्रदर्शनात पिवळ्या दिव्याखाली टांगलेली असते, किंमत चार आकडी. शिवणाऱ्या बाईच्या हातात त्यातले किती पडतात, असं मी एकदा विचारलं, तर स्टॉलवरची मुलगी पाण्याची बाटली शोधायला लागली. त्या बाईलाही कुणीतरी मिनिटाला वीस टाकेच धरले असणार.

असो. काल सकाळी दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली. आत काकूंच्या जुन्या साड्या आणि काकांच्या अक्षरात चिठ्ठी: ‘नातवासाठी. ३ बाय ४. अंदाजे ५ तास ४६ मि. सवडीने चालेल.’

सवडीने म्हणे! पिशवी परत करायची म्हणून दाराशीच ठेवली आहे. फक्त त्यातलं लाल टोपपदराचं इरकल तेवढं काढून घेतलंय. धुऊन धुऊन असलं मऊ झालंय, की सुई टेकवली की पलीकडे.