‘घर काही खायला मागत नाही’? आमचं मागत होतं

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. भावकीच्या ग्रुपवर तो भाऊजींनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी टाकला. मथळा असा: ‘तोट्यात घर विकणाऱ्यांनो, थांबा!’ आतला मजकूर थोडक्यात सांगते. जागेचा भाव आज ना उद्या वाढतोच. विकत नाही तोवर तोटा होत नाही. रिकामं घर काही खायला मागत नाही. भाड्याने दिलं की हप्ते आपोआप फिटतात. पुढे मुलांच्या उपयोगी पडतं. आणि वास्तू विकली की लक्ष्मी पाठ फिरवते. खाली जोडलेले हात, तीन वेळा.

तो कुणासाठी टाकला होता हे ग्रुपमधल्या शेंबड्या पोरालाही कळलं. जानेवारी 2025 मध्ये आम्ही आमचं एक घर तोट्यात विकलं, आणि तेव्हापासून भाऊजी माझ्याशी एखाद्याच्या दहाव्याला आल्यासारखे बोलतात. ते वडीलधारे, ग्रुपवर त्यांना उलट बोलणं मला जमायचं नाही. खरं गप्प बसणंही जमेना.

घर कुठलं ते आधी सांगते. आम्ही बेळगावात, वडगावला राहतो. ते राहतं घर आहे तसंच आहे. विकलं ते दुसरं. ऑक्टोबर 2012 मध्ये शहराबाहेर हलग्याजवळ सुवर्ण विधानसौधचं, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीचं उद्घाटन झालं आणि हायवेच्या त्या अंगाला एजंटांची जत्रा भरली. ‘वैनी, इथं आता आमदार-मंत्री राहायला येणार की!’ असं एकाने मला तोंडावर सांगितलं. येतात ते, हिवाळी अधिवेशनाला, दोनेक आठवडे, आणि हॉटेलात उतरतात. एवढी अक्कल मला तेव्हाच असायला हवी होती. जानेवारी 2014 मध्ये आम्ही हायवेपासून दीड किलोमीटर आत, 30 बाय 40 च्या प्लॉटवरचं नवं घर 30 लाखांना घेतलं. 10 लाख पदरचे, 20 लाख बँकेचे. व्याज सव्वादहा टक्के, मुदत 15 वर्षं, हप्ता 21,800.

आता मेसेजकडे येते.

‘जागेचा भाव वाढतोच.’ जागेचा वाढला असेल, मी नाही म्हणत नाही. खरं आम्ही नुसती जागा घेतली नव्हती. 30 लाखांत जागा होती 12 लाखांची, बाकी 18 लाखांचं सिमेंट, सळई, फरशी आणि खिडक्या. जागेचे 11 वर्षांत 15 लाख झाले असं धरू. घर बघायला येणारा माणूस मात्र जागा बघत नाही. तो बोटाने भिंत टकटक करतो, संडासाच्या कोपऱ्यातला ओलावा बघतो आणि मनात आकडा खाली आणतो. आमच्या 18 लाखांच्या बांधकामाला साडेनऊ लाख मिळाले. बेरीज साडेचोवीस. जागा वाढूनही घर उतरतं ते असं.

मेसेजमध्ये ‘देव नवी जमीन घडवत नाही’ असंही एक वाक्य आहे. देव नसेल घडवत, लेआऊटवाले घडवतात. आमच्या घरामागे 2014 मध्ये भाताचं शिवार होतं, पावसाळ्यात रात्रभर बेडूक ओरडायचे. चार वर्षांत तिथे पांढरे दगड रोवले गेले, कमान उभी राहिली, ‘सुलभ हप्ते’चा फलक लागला. मग त्याच्या मागचं शिवार गेलं. समोर कोरं घर मिळत असताना आमचं गळकं घर कोण कशाला घेईल? ‘स्मार्ट सिटी झाली की बघा,’ एजंट म्हणाले. जानेवारी 2016 मध्ये पहिल्या 20 शहरांच्या यादीत बेळगावचं नाव आलं, त्या आठवड्यात एजंटने स्वतःहून फोन केला. नंतर फोन मीच करत होते.

भाऊजींचा आवडता पुरावा म्हणजे सरकारी दर. 1 ऑक्टोबर 2023 पासून कर्नाटकात गायडन्स व्हॅल्यू वाढली, म्हणजे तुमचं घर वाढलं, असं ते म्हणतात. तो दर स्टॅम्प ड्यूटी आकारण्यासाठी असतो. त्या दराने सरकार घर विकत घेत नाही. उलट तोट्यात विकणाऱ्याला त्याची धास्तीच असते: व्यवहाराची रक्कम या सरकारी किमतीपेक्षा फारच कमी असेल, म्हणजे सरकारी आकडा तुमच्या रकमेच्या 110 टक्क्यांच्या वर जात असेल, तर आयकराच्या हिशेबात तोच आकडा तुमची विक्रीची किंमत म्हणून धरतात. न मिळालेल्या पैशांचा हिशेब द्यायचा! आमची सरकारी किंमत 26 लाख निघाली, म्हणून थोडक्यात वाचलो. भाव पाडून देण्याआधी हे बघून घ्यावं, मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा ते उपयोगाचं.

एक मात्र मान्य. वाडवडिलांची शेती असेल तर ‘थांबा’ म्हणणाऱ्याचं ऐकावं. हलगा-मच्छे बायपासला जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं लढले ते उगीच नाही. ती जमीन पिकते. आमच्या घरात पिकली ती फक्त बुरशी.

‘विकत नाही तोवर तोटा होत नाही.’ या वाक्याने आमची निदान सहा वर्षं खाल्ली. विक्रीच्या आदल्या रात्री मी वहीत आयुष्यात पहिल्यांदा सगळा हिशेब एका पानावर मांडला. गेलेले पैसे: पदरचे 10 लाख, स्टॅम्प आणि रजिस्ट्रीचे सुमारे 2 लाख, 132 हप्त्यांचे 28 लाख 78 हजार, आणि घरपट्टी, बोअरची मोटर, दोनदा वॉटरप्रूफिंग, एकदा रंग मिळून अडीच लाखांच्या आसपास. 43 लाखांच्या वर गेले. आलेले: भाड्याचे अडीच लाख, आणि विक्रीच्या साडेचोवीसातून बँकेची बाकी साडेसात लाख आणि एजंटचं कमिशन वजा जाता हातात साडेसोळा. एकोणीस लाख. लोक म्हणतात, ‘साडेपाच लाखांचा फटका बसला काय?’ मी हो म्हणते. सव्वाचोवीस लाखांचा आकडा कुणाला सांगत बसू?

मेसेजच्या हिशेबाने डिसेंबर 2024 पर्यंत आमचा तोटा शून्य होता आणि रजिस्ट्रीच्या दिवशी दुपारी बारा वाजता तो एकदम झाला. आमच्या पासबुकाच्या हिशेबाने तो दर महिन्याच्या 5 तारखेला होत होता. आणखी बरेच हप्ते शिल्लक होते. पदरचे 10 लाख नुसते ठेवीत पडले असते तर आठ टक्क्यांनी नऊ वर्षांत दामदुप्पट झाले असते, हे मी वहीत लिहिलं आणि खोडलं. ह्यांना दाखवून काय मिळणार होतं?

विकल्यावर एक बारीक फायदा झाला, तोही सांगून ठेवते. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवलेलं घर तोट्यात विकलं तर तो दीर्घ मुदतीचा भांडवली तोटा. रिटर्न मुदतीत भरलं तर तो पुढची आठ वर्षं ओढता येतो आणि दुसऱ्या दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो. पगारातून किंवा पेन्शनीतून नाही. महागाईचा निर्देशांक लावून तोटा फुगवून दाखवायची सोय मात्र 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला उरलेली नाही. न विकलेल्या घराच्या मनातल्या मनातल्या तोट्याला आयकर खातं विचारत नाही.

‘रिकामं घर काही खायला मागत नाही.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने घर रिकामं ठेवून बघितलेलं नाही. माणूस राहत नसलेलं घर आधी पाणी मागतं, म्हणजे कुणीतरी जाऊन नळ सोडायला लागतो, नाहीतर संडासाच्या भांड्यातलं पाणी आटून सगळ्या घरात वास. मग ते झाडू मागतं. मग वाळवीचं औषध. दाराची चौकट खाल्ली तेव्हा सुतार म्हणाला, ‘वैनी, राहत्या घरात हे लवकर दिसतंय ओ.’ दर रविवारी सकाळी हे स्कूटर काढायचे, वडगावहून हलगा, कुलूप, झाडलोट, परत. अकरा वर्षांतली भाडेकरू असलेली तीन वर्षं सोडली तर प्रत्येक रविवार. लग्नकार्याला जाताना सुद्धा ‘येताना जरा घराकडून येऊ’ ठरलेलं.

आणि पाऊस. बेळगावचा पाऊस लोकांना आवडतो, मलाही आवडायचा. ऑगस्ट 2019 मध्ये गावात नाल्यांचं पाणी घरांत शिरलं, निपाणीकडे पुणे-बंगळूर हायवे पाण्याखाली गेला, मुलगा पुण्यात अडकून पडला. त्या आठवड्यात मी इकडे राहत्या घराच्या काळजीत असायला हवी होते. मी काळजी करत होते तिकडच्या किचनच्या छज्जाची. पाणी ओसरल्यावर गेलो तर कपाट फुगून दार उघडेना. त्यानंतर जून जवळ आला की ह्यांचं बीपी वाढायचं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. मी म्हटलं, घर कमी करायला सांगा.

‘भाड्याने दिलं की हप्ते फिटतात.’ भाडं सात हजार, हप्ता 21,800. बाकीचे कोण भरणार, भाऊजी?

‘मुलांच्या उपयोगी पडतं.’ इथे मात्र मी स्वतःच बरीच वर्षं फसून घेतलं. आमच्या गल्लीतली मराठी शाळेत शिकलेली पोरं कुठं आहेत ते मोजून बघा: पुणे, बंगळूर, गोवा, काही आखातात. प्रत्येक घरात दोन म्हातारी माणसं आणि वर एक पोरासाठी बांधलेला मजला. पोरगा गणपतीला येतो, त्या मजल्यावर बॅग ठेवतो आणि खाली आईजवळ झोपतो. आमच्या मुलाला मी एकदा सरळ विचारलं, तुझ्यासाठी ठेवू का ते घर. तो म्हणाला, ‘आई, ते मला देऊ नकोस. तिथलं कुलूप उघडायला मी पुण्याहून येऊ?’ मला राग आला होता. भाऊजींना त्याचं उत्तर सांगितलं तर म्हणाले, आजकालच्या पोरांना किंमत नाही. किंमत त्यालाच बरोबर कळली होती असं आता वाटतं.

शिवाय पोरांच्या माथी नुसतं घर जात नाही, कागद जातात. आमचं आडनाव खरेदीपत्रात चव्हाण, उताऱ्यात चौहाण, आधारवर चवान. गावाचं नाव जुन्या कागदांत बेळगाव आणि 1 नोव्हेंबर 2014 नंतरच्या कागदांत बेळगावी. पंचायत हद्दीतल्या मिळकतीला ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचे, फॉर्म 9 आणि 11 आम्ही विकलं तेव्हा लागायचे, त्याशिवाय रजिस्ट्री होत नव्हती, आणि तिथे आडनाव दुरुस्त करायला चार महिने गेले. उतारा कानडीत, शेजारची कॉलेजात जाणारी पोरगी वाचून दाखवायची. खिडकीतला माणूस वाईट नव्हता, पण दर वेळी ‘आक्का, नाळे बर्री,’ उद्या या. हे सगळं ह्यांच्या माघारी त्या पोराला पुण्याहून रजा काढून करावं लागलं असतं. ते आमच्या हयातीत, आमच्या सह्यांनी उरकलं.

कर्ज शिल्लक असलेलं घर विकता येत नाही, असंही कुणीतरी त्या मेसेजखाली लिहिलं. येतं. घेणाऱ्याच्या बँकेने आमच्या बँकेची बाकी परस्पर भरली. आणि 1 डिसेंबर 2023 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये बँकेने भरायचे. आमचे कागद बाराव्या दिवशी मिळाले.

लक्ष्मीबद्दल एवढंच, की रजिस्ट्रीच्या दिवसानंतरच्या 5 तारखेला खात्यातून काही गेलं नाही. मी दोनदा बघितलं.

सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसातून परत येताना ह्यांनी वाटेत स्कूटर थांबवून अर्धा किलो कुंदा घेतला. मी म्हटलं, लोक घर घेतल्यावर वाटतात हो. ते म्हणाले, ‘आपण घेतल्यावर वाटला होता, तो नासला.’ घरी आल्यावर सात किल्ल्यांच्या जुडग्याची खिळ्यावरची जागा रिकामी दिसली. मला वाटलं होतं, रडू येईल. आम्ही दोघं दुपारी तीनला झोपलो ते दिवेलागणीला उठलो. भाऊजींचे दोन मिस्ड कॉल होते.

घेणारा तरुण मच्छेकडे कारखान्यात कामाला आहे, बायको आणि दीड वर्षाची मुलगी. गळतीचं त्याला मी आधीच दाखवलं होतं, भाव त्यानेच त्यावर तोडला. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी त्याचा फोन आला, ‘मावशी, पाणी येतंय ते नेमकं कुठनं ओ?’ किचनच्या खिडकीच्या वर, डाव्या कोपऱ्यात, छज्जाच्या सांध्यात, मी सांगितलं. तो म्हणाला, बरं, उद्या गवंडी बोलवतो. बाहेर धो धो ओतत होता. ह्यांनी विचारलं, कुणाचा फोन? मी म्हटलं, त्या घरवाल्याचा.