मनगटापर्यंत

परवा टीव्हीवर माझा हात आला. उजवा, मनगटापर्यंत, छोट्या रेल्वेचे रूळ पुसताना. खाली पट्टी होती: 'निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचा आगळा छंद'. पट्टी दोन्ही भाषांत होती आणि चूकही दोन्हीकडे अगदी सारखी. आमच्या बेळगावात पाट्यांच्या बाबतीत एवढा समतोल एरवी बघायला मिळत नाही.

मी रेल्वेत कधीच नव्हतो. रेल्वेत होते ते शेजारचे अण्णा, आणि ते त्या दिवशी आमच्याकडे वर्तमानपत्र परत द्यायला आले होते.

छोट्या रेल्वेचा छंद लोकांपर्यंत न्यायचा तर टीव्हीसारखं साधन नाही, ही कल्पना माझीच. अमेरिकेत मिलवॉकी नावाचं शहर आहे. तिथे १९३५ साली या छंदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पुढे त्याच शहरातल्या सार्वजनिक वाहिनीने खऱ्या नि छोट्या रेल्वेवर मालिकाच काढली. आपल्याकडे पुण्यात, कोथरूडला, जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून चालू आहे. मग बेळगावने काय पाप केलंय? प्रश्न एवढाच की अर्ज धाडायचा कुठे. भाषा बघावी तर दूरदर्शनची मराठी सह्याद्री, पत्ता बघावा तर कन्नड चंदना, म्हणजे एक अर्ज मुंबईला, एक बेंगळुरूला. मी अजून मजकूर जुळवत होतो, तेवढ्यात कुणाच्या तरी ओळखीने आले ते तिसरेच. नाव घेत नाही.

चित्रीकरणाच्या आदल्या रात्रीची तयारी सांगतो, कारण पडद्यावर नेमकं तेच आलं. या गाड्यांना वीज रुळांतून मिळते, चाकांवाटे. रुळावर तेलकट थर बसला की इंजिन आचके देतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल धागे न सुटणाऱ्या फडक्यावर घ्यायचं आणि रुळाचा माथा पुसायचा, फडकं काळं निघेनासं होईपर्यंत. पॉलिश पेपर लावायचा नाही. त्याने बारीक चरे पडतात आणि घाण त्यातच घर करते. चाकांसाठी तेच ओलं फडकं रुळांवर आडवं टाकायचं. इंजिनाची अर्धी चाकं फडक्यावर, अर्धी उघड्या रुळावर ठेवून हाताने धरायचं आणि वीज सोडायची, की चाकं जागच्या जागी फिरून स्वच्छ होतात. मग उलटं. एवढं सगळं करून पाहुण्यांना काय द्यावं? कुंदा दिला. बेळगावात आलेल्या माणसाला दुसरं काय देणार? त्या तुपकट बोटांनी चौघांनीही 'हे काय आहे' म्हणत एकेका रुळाला हात लावून पाहिला. पहिली गाडी सव्वा मीटर गेली आणि उभी राहिली. मी फडकं घेऊन धावलो. कॅमेरा चालू होता. तो हात तो हाच.

कॅमेरामन खांद्यावर कॅमेरा घेऊन उभ्याने, वरून घेत होता. वरून घेतलं की कुठलीही छोटी रेल्वे टेबलावरची रेल्वेच दिसते. माझी रेल्वे १:८७ ची, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. या मापात पावणेसहा फुटी माणूस होतो दोन सेंटिमीटरचा. म्हणजे त्याच्या डोळ्यांतून फलाट बघायचा तर भिंगही पाटापासून दोनच सेंटिमीटरवर हवं. मोठा कॅमेरा तिथे मावत नाही. साधा फोन उलटा धरायचा, म्हणजे भिंग खाली येतं. हे मी सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला त्याच्याच लग्नात अक्षता वाटायला सांगतोय.

मग स्टेशनातले दिवे फडफडू लागले. ही चूक माझी. मी एलईडी डिमरवर घेतले होते. डिमर प्रकाश कमी करत नाही, दिवा भराभर चालू-बंद करतो. डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही, पडद्यावर काळे पट्टे सरकतात. डिमर काढून थेट १२ व्होल्टवर प्रत्येक दिव्याला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावला, की साधारण दोन मिलिअँपिअर जातात आणि आडगावच्या स्टेशनासारखा मिणमिणता, पण स्थिर उजेड पडतो. खोलीच्या दिव्यांसाठी शटर एकपन्नासांश सेकंदावर ठेवायचं. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो, म्हणजे प्रत्येक चौकटीत बरोबर दोन उजाळे येतात. हे मात्र त्याला पटलं. पण त्याने दोन बाजूंना दोन दिवे लावले आणि माझ्या छोट्या लोंढा स्टेशनात दोन सूर्य उगवले. प्रत्येक हमालाला दोन सावल्या.

निवेदक हुबळीकडचा. त्याचं मराठी माझ्या कन्नडाएवढंच, त्यामुळे आमचं छान जमत होतं. "गाडी जोरात सोडा," तो म्हणाला. ताशी साठ किलोमीटरची गाडी या मापात सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर जाते. मला ते राजेशाही वाटतं, त्याला बैलगाडी वाटली. जोरात सोडली तर अठरा इंच त्रिज्येच्या वळणावर लांब डबे बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन घसरतात, असं मी समजावलं. त्याचा चेहरा खुलला. "मग तेच दाखवू या ना! एक ॲक्सिडेंट!" या माणसांना रेल्वे म्हटली की अपघातच का आठवतो, देव जाणे. मी नाही म्हणालो. तेव्हा त्याला मी पहिल्यांदाच कंटाळवाणा वाटलो, ते मला स्पष्ट दिसलं.

आणि नेमकं तेव्हा दारात अण्णा. हातात वर्तमानपत्र. मी गाडी सोडायला नॉब फिरवला.

"थांब गा!" अण्णा ओरडले. "सिग्नल कुठं पडलाय?"

सिग्नलचा हात खाली पडला की वाट मोकळी. पण इथला सिग्नल पडणार नव्हता. तो मी फेविक्विकने चिकटवला आहे.

"हात आडवा हाय आणि गाडी सोडायलास? लाइन क्लिअर कुणी दिलं?"

लाइन क्लिअर म्हणजे पुढच्या स्टेशनाची परवानगी. "खानापूरने," मी सुचेल ते म्हणालो.

"लोंढ्याच्या फुडं गुंजी. खानापूर मागनं. गुंजी कुठाय?"

"पडद्यामागे." तिथे गाड्या लपवायच्या चार लाइनी आहेत. अण्णा पडदा सारून वाकले आणि परत आले.

"तिथं नुसती बादली हाय."

कॅमेरा एव्हाना माझ्याकडून अण्णांकडे वळला होता. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना काळजी समोरच्या पॅसेंजरांची. त्यांनी पाच डबे मोजले. "राणी चन्नम्मा एक्स्प्रेसला पाचच? बाकीचे कुठं काढलास?" मी म्हणालो, जुन्या निळ्या जातीचा एक डबा या मापात साडेपंचवीस सेंटिमीटर भरतो, बावीस डब्यांना साडेपाच मीटरहून जास्त फलाट लागेल, तेवढी खोलीच नाही. "मग भिंत पाड की," अण्णा म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी रुळांत बोट घालून पाहिलं. कुंदा त्यांनीही खाल्ला होता.

"हे मीटरगेज नव्हं."

नव्हतंच. रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटर गेजचं माप. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला १९.३ हवं. जुन्या मीटरगेजला साडेअकरा. बाजारात मिळतं ते १६.५, म्हणून आपल्याकडचे बहुतेक जण त्यावरच भागवतात. हे सगळं मी कॅमेऱ्याकडे बघून नीट सांगितलं. त्यातलं एक अक्षर दाखवलं नाही. दाखवलं ते अण्णांचं पुढचं वाक्य: "म्हंजे ही लाइन ह्या राज्यातबी बसंना, त्या राज्यातबी बसंना. आमच्यागतच की!"

पथक हसून गडगडलं. मग अण्णांनी टोकन मागितलं. एकेरी लाइनवर दोन स्टेशनांत दोन यंत्रं असतात, एकमेकांना विजेने बांधलेली. पुढच्या स्टेशनाने घंटेवर होकार दिल्याशिवाय इकडचा लोखंडी गोळा सुटत नाही आणि एका वेळी एकच सुटतो. तो गोळा पिशवीत घालून, वेताच्या कड्याला अडकवून ड्रायव्हरला द्यायचा. गोळा नाही तर गाडी नाही. अण्णांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिचं कडं केलं, ते दंडात झेलून दाखवलं, पावसात, रात्री, चालत्या इंजिनावरून. खोटं कशाला बोलू, मीही बघतच राहिलो. शेवटी तडजोड म्हणून आतून मोहरीचा एक दाणा आणून इंजिनाच्या छतावर ठेवला. अण्णांनी हात वर केला. गाडी सुटली. दाणा वळणावर पडला. "टोकन पाडलंस! सस्पेंड!"

सगळं मिळून एक मिनिट पन्नास सेकंद दाखवलं. त्यातला सव्वा मिनिट अण्णा. निवेदकाचा शेवटचा शब्द 'खेळणी'. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, कस्टमवालेही तेच म्हणतात. मापाची मॉडेलं बाहुल्या आणि तीनचाकी सायकलींच्या रांगेत, ९५०३ क्रमांकाखाली येतात. त्या रांगेवरचं आयात शुल्क २०२० मध्ये वीसवरून साठ टक्के झालं आणि २०२३ मध्ये सत्तर. बाहुली इथे बनते. १:८७ चं सांधे बदलायचं यंत्र इथे कोण बनवतो? छंद वाढवा म्हणून अर्ज लिहायचे, आणि एखाद्या पोराने विचारलंच की सुरुवातीला किती खर्च येतो, तर विषय बदलायचा. हे मला कॅमेऱ्यासमोर बोलायचं होतं. तेव्हा कॅमेरा बादलीवर होता.

काल तिसऱ्या रेल्वे गेटजवळ अण्णा भेटले. गेट बंद होतं आणि दोन अनोळखी माणसं त्यांच्याशी हात मिळवत होती.

"बघितलास काय?" अण्णांनी विचारलं.

"बघितलं. मीही होतो त्यात."

"तू हुतास? दिसला नाहीस खरं." त्यांनी थोडं आठवून पाहिलं. "बरं, सोमवारी परत येणार म्हणालेत ते. रूळ पुसून ठेव."