सहा इंचांचा उंबरा

“म्हणजे पाणी आत येऊ द्यायचं नाही, की बाहेर जाऊ द्यायचं नाही?” तळघराच्या दारात उभं राहून मिस्त्रींनी विचारलं.

“दोन्ही,” मी म्हणालो.

मिस्त्रींनी थापी खाली ठेवली आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी लोकांच्या गच्च्या, न्हाण्या आणि टाक्या कोरड्या किंवा ओल्या करून दिल्या होत्या. एकाच खोलीकडून दोन्ही कामांची अपेक्षा धरणारा पहिला मीच भेटलो असणार.

तळघर वॉटरप्रूफ करण्याच्या या सगळ्या खटाटोपाला काचेच्या टाकीत पाळलेला एक ऑस्कर जातीचा मासा कारणीभूत आहे. घरी आणला तेव्हा माझ्या अंगठ्याएवढा होता. हा मासा फूटभर होतो हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण पुस्तकं आपण मासा आणल्यावर वाचतो. वर्ष-सव्वा वर्षात तो टाकीत वळताना शेपूट एका काचेला आणि तोंड दुसऱ्या काचेला लावू लागला. शिवाय त्याला तीन सोबती होते. मग मी कागद घेऊन बसलो आणि आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच अशी टाकी आखली. कागदावर ती फारच देखणी दिसत होती. कागदावर पाण्याला वजन नसतं.

ते वजन स्ट्रक्चरल इंजिनिअरने काढून दाखवलं. ६० घनफूट म्हणजे १७०० लिटर, म्हणजे १७०० किलो नुसतं पाणी. १९ मिलिमीटर जाडीची काच साडेतीनशे किलो. रेती, दगड, स्टँड वेगळे. “राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून करतात,” तो म्हणाला, “तुमची टाकी ९०० च्या वर जाते.” मग त्याने पेनाला टोपण लावलं. “तळघरात ठेवा. दिवाणखान्यात ठेवलीत तरी ती तळघरातच येईल, फक्त कधी येईल ते तुम्हाला ठरवता येणार नाही.”

आमचं तळघर म्हणजे जुन्या ट्रंका, मोडकी सायकल आणि भिंतीचे पोपडे. भिंतीला पांढरे क्षार फुटलेले. पलीकडची ओली माती बारीक बारीक भेगांतून आत डोकावते, पाणी सुकून जातं आणि क्षार मागे ठेवतं. मला वाटलं होतं, चांगला महागातला वॉटरप्रूफ रंग फासला की झालं. मिस्त्रींनी नखाने एक पोपडा काढून माझ्या हातावर ठेवला. “हाही वॉटरप्रूफच होता.” पाणी भिंतीच्या मागून रेटा देत असेल तर आतून लावलेला नुसता रंग फुग्यासारखा फुगून सुटतो. इथे लागतो तो सिमेंटच्या जातीचा लेप, जो काँक्रीटच्या छिद्रांत शिरून तिथेच धरून राहतो.

मग खरवडणं सुरू झालं. भेगा भरण्याआधी त्या छिन्नीने आणखी मोठ्या करतात हे मला तेव्हा कळलं. आधीच घाबरलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत ते करू नये. भिंत आणि जमीन मिळते तिथे काटकोन ठेवायचा नाही, कारण काटकोनातच चीर पडते, म्हणून चारी बाजूंनी गोलाईचा वाटा मारला. त्यावर फायबरची जाळी, जाळीवर लेपाचा एक हात आडवा, एक हात उभा. आणि कोबा घातल्यावर आठवडाभर त्यावर रोज पाणी मारायचं काम माझ्याकडे आलं. पाण्याचा थेंब टिकू नये म्हणून बांधलेल्या खोलीत मी सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभा होतो. बायको जिन्यावरून बघून जायची. काही बोलायची नाही. तेच जास्त लागायचं.

खरी जुंपली ती ढाळावरून. खोलीच्या जमिनीला न्हाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीच्या भोकाकडे, ढाळ हवा, १०० ला १ तरी. आणि टाकी मात्र केसाएवढीही कलती चालत नाही, कारण कललेल्या टाकीत काचेच्या सांध्यांवर वेडावाकडा ताण येतो. म्हणजे जमीन तिरकी आणि टाकी सरळ. त्यासाठी मधोमध सपाट ओटा बांधायचा ठरला. मिस्त्री पाणसळीने पातळी बघत, तर मी मोबाइलमधल्या ॲपने. दोघांचं एकमत होईना. शेवटी त्यांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली, दोन टोकं ओट्याच्या दोन कोपऱ्यांवर धरली आणि म्हणाले, “आता पाण्यालाच विचारा.” पाण्याने मिस्त्रींच्या बाजूने कौल दिला. मी ॲप काढून टाकलं.

दाराला सहा इंचांचा उंबरा ही माझ्या लेकीची सूचना. ती शाळेत घनफळ शिकत होती आणि घरात त्याचा वापर करायला बळी शोधत होती. “बाबा, टाकी फुटली तर?” तिने विचारलं. हा प्रश्न घरातल्या कुणीही मोठ्याने विचारला नव्हता. खोली बारा बाय दहा. ओटा, ढाळ वगैरे सोडून दिले, तर १२० गुणिले अर्धा फूट, म्हणजे ६० घनफूट. टाकीही ६० घनफूट. सगळी टाकी रिकामी झाली तरी पाणी उंबऱ्याच्या काठापर्यंत येऊन थांबेल. हिशोब असा तंतोतंत जुळलेला पाहून मला भरून आलं. त्या उंबऱ्याला पुढे घरातल्या प्रत्येकाची ठेच लागली, माझी रोज.

लेप वाळला आणि चाचणी ठरली. खोलीत पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची आणि ७२ तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेखाली तीन मिलिमीटर. मी हादरलो. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी शेजारी एक भरलेली बादली ठेवून तिच्या आतही खूण करून ठेवली होती. बादलीतलंही तेवढंच उतरलं होतं. “बादली गळते का, साहेब?” उडून गेलेल्या पाण्याचा आळ खोलीवर येऊ नये म्हणून ही साक्षीदार बादली. ७२ तासांनंतरही दोघी बरोबरीने होत्या. मी मिस्त्रींचा हात हातात घेतला. त्याच दुपारी इलेक्ट्रिशियन आला आणि वायरच्या पट्ट्या ठोकायला त्याने ताज्या लेपाला ड्रिलने अकरा भोकं पाडली.

मिस्त्री त्याच्याशी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इलेक्ट्रिशियनचं बाकी काम मात्र चोख होतं. सॉकेट चार फुटांवर, ३० मिलिअँपिअर वीज गळली की तुटणारा आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर गेलेली. बायकोला वाटलं, काम अर्धवट टाकून गेला. पण वायरवरून ओघळणारा थेंब त्या झोळात खाली पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. लोंबतं ते मुद्दाम, हे तिला पटवायला मला आठवडा लागला. माझ्या इतर लोंबत्या कामांनाही मी हेच कारण देऊ लागलो तेव्हा तिने विषय बंद केला.

टाकी बसली, भरली. पण मासे लगेच सोडता येत नाहीत. माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे जातात. तेवढे दिवस बघायला आलेल्या पाहुण्यांना मी १७०० लिटर स्वच्छ पाणी दाखवत होतो. “छान आहे,” ते म्हणायचे, आणि जाताना बायकोचा हात जरा जास्त वेळ हातात धरायचे.

मासे सोडले आणि पंधरा दिवसांत भिंतीवर थेंब. मिस्त्रींना फोन. त्यांनी शांतपणे उपाय सांगितला: प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बंद कर, दोन दिवसांनी बघ. ओल मागच्या बाजूला आली तर भिंत गळते, पुढच्या बाजूला आली तर हवा. ओल पुढे आली. कोमट टाकीतून रोज बादलीभर पाणी उडत होतं आणि मातीला टेकलेल्या गार भिंतीवर दव होऊन बसत होतं. आमची भिंत इतकी वॉटरप्रूफ, की तो थेंब शोषून घेण्याचं सौजन्यही ती दाखवेना. मग टाकीला झाकण, एक्झॉस्ट फॅन आणि हवेतली ओल ओढणारं यंत्र आलं. टाकीतून उडालेलं पाणी यंत्रात जमायचं. त्यात तांब्याचा अंश असू शकतो म्हणून ते टाकीत परत घालता येत नाही. मी ते उचलून बाहेर न्यायचो आणि बाहेरून तेवढंच नवीन आणायचो.

आणि मग एका रात्री वीज गेली.

टाकीखालच्या सम्पमधून, म्हणजे फिल्टरच्या छोट्या टाकीतून, पाणी वर चढवणारा पंप थांबला. पंप थांबला की वरचं पाणी त्याच नळीतून उलटं खाली येतं. ते थांबवायला नळीला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक ठेवलेलं असतं, हवा शिरते आणि ओढ तुटते. त्या भोकावर एक गोगलगाय बसली होती. गोगलगाय आणि पोटात पाय, म्हणतात ते खोटं नाही. दोनशेवर लिटर पाणी सम्पमध्ये उतरलं, सम्पमध्ये जागा ८० लिटरची. बाकीचं जमिनीवर. तिथून ते शिस्तीत ढाळाने न्हाणी ट्रॅपकडे गेलं, ट्रॅपमधून खड्ड्यात. तळघर सांडपाण्याच्या लाइनच्या खाली असल्याने खड्ड्यातलं पाणी उपसायला तिथेही पंप आहे. तोही विजेवरच चालतो.

मेन स्विच बंद करून मी टॉर्च घेऊन खाली गेलो. ट्रॅपपाशी इंचभर पाणी, आणि खोलीच्या बाहेर एक थेंब नाही. काचेपलीकडून ऑस्कर माझ्या पायांकडे बघत होता. मी मिस्त्रींना फोन लावला.

“पाणी बाहेर गेलं का?” त्यांनी झोपेत विचारलं.

“नाही.”

“आत आलं का, मातीतून?”

“नाही.”

“मग उद्या बोलू, साहेब.”

मी बादली भरली, टॉर्च दातांत धरला आणि निघालो. उंबरा कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं, रोजच ठेच लागायची. त्या रात्रीही लागली. खोलीतलं पाणी पहिल्यांदाच बाहेर गेलं ते असं, पंधरा लिटर एकदम. जिन्याखालच्या त्या पॅसेजला वॉटरप्रूफिंग केलेलं नव्हतं.