जालन्याच्या भट्टीत जाणारं निओडिमियम

चीननं एप्रिल २०२५ मध्ये सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या (एका गटातल्या खास धातूंच्या) निर्यातीला परवान्याची अट घातली, त्यांच्यापासून बनणारे इलेक्ट्रिक मोटरमधले मॅग्नेट मिळेनासे झाले आणि आपल्याकडच्या इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन अडखळलं. तेव्हापासून जालना-संभाजीनगरच्या माझ्या मित्रमंडळींत वाद चाललाय. काही म्हणतात, केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरची, हे धातू असलेली वाळू उपसा, कारखाने काढा. काही म्हणतात, जुन्या दिव्यांतून, कॉम्प्युटरमधून काढा, जर्मनीसारखं. मी जर्मनीत राहतो, म्हणून साक्ष माझी काढली जाते.

जर्मनीचं खरंच घेण्यासारखं आहे ते दिव्यांचं. ट्यूबलाइट, सीएफएल इथं घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. मोठ्या दुकानांना ती परत घ्यावीच लागते. आतल्या पांढऱ्या भुकटीत इट्रियम, युरोपियम, टर्बियम असतं, लाल आणि हिरवा प्रकाश त्यांच्यामुळेच मिळतो. सोबत पाराही असतो, म्हणून ट्यूब बंद यंत्रात फोडतात. आपल्याकडे २०१५ पासून उजाला योजनेत ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. त्यांनी घराबाहेर काढलेल्या सीएफएल कुठं गेल्या? बहुतेक घंटागाडीत. संभाजीनगरजवळच्या नारेगावच्या लोकांनी २०१८ मध्ये कचरा डेपोचा रस्ता अडवला, तेव्हा अख्खं शहर महिनोन्महिने तुंबलं होतं. फुटलेल्या ट्यूबचा पारा अशाच कुणाच्या तरी शिवारात जातो, याची मला मनापासून चीड येते.

पण मॅग्नेटच्या बाबतीत जर्मनीचं उदाहरण देऊ नका. इथं जुनी यंत्रं बहुतेक श्रेडरमध्ये, म्हणजे तुकडे करणाऱ्या यंत्रात जातात. निओडिमियम या रेअर अर्थचा मॅग्नेट तिथं चुरडला जातो, लोखंडाच्या तुकड्यांना चिकटतो आणि पोलादाच्या भट्टीत स्लॅग (वितळल्यावर उरणारा मळ) होऊन संपतो. जुनी उपकरणं ६५ टक्के गोळा करायचं युरोपचं उद्दिष्टही जर्मनीला गाठता आलेलं नाही.

आता जालना बघा. आपल्या सळयांच्या कारखान्यांत भंगार वितळवतात, आणि हार्ड डिस्कचा किंवा मोटारीचा मॅग्नेट लोखंडासोबत आला, तर त्याचंही तेच होतं. फरक एवढाच, की भट्टीआधी आपल्याकडे माणूस आहे. भंगारवाला हार्ड डिस्कचे स्क्रू हातानं काढतो, ॲल्युमिनियम वेगळं, सर्किट बोर्ड वेगळं. मॅग्नेटही त्याच्या हाताखालून जातो. त्यात वजनाच्या सुमारे तीस टक्के रेअर अर्थ असतं, बहुतेक खाणींतल्या कच्च्या खनिजापेक्षा कितीतरी जास्त. पण त्याला वेगळा भाव नाही, म्हणून तो लोखंडाच्या ढिगात पडतो. श्रेडरला जे जमत नाही ते आपल्या गल्लीत रोज होतं, आणि त्या माणसालाच आपण योजनेच्या बाहेर ठेवलंय.

केंद्रानं सप्टेंबर २०२५ मध्ये अशा खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी मंजूर केले, नोव्हेंबरात मॅग्नेटच्या कारखान्यांसाठी ७,२८० कोटी. चांगलंच झालं. पण २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार रिसायकलरला उत्पादक कंपन्यांना विकता येणारी प्रमाणपत्रं मिळतात ती सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियमवर. निओडिमियम वेगळं काढलं तरी त्याच्या पदरात काही पडत नाही. मग तो कशाला काढेल?

भावाचा प्रश्न फ्रान्सनं भोगलाय. ला रोशेल आणि ल्योंजवळ सोल्वे कंपनीनं २०१२ मध्ये दिव्यांच्या भुकटीतून रेअर अर्थ काढायला सुरुवात केली, कारण चीनच्या निर्यात कोट्यामुळे २०११ मध्ये भाव आकाशाला भिडले होते. पुढं भाव कोसळले, एलईडी आले, आणि २०१६ मध्ये हे काम थांबवावं लागलं. तंत्र चांगलं होतं, पण पडत्या भावात कुणी हात दिला नाही.

त्यामुळे माझं मत कुठल्याच एका गटाच्या बाजूनं नाही. वाळू उपसून खनिज मिळेल, पण त्यात वर्षं जातील. भुकटीचा साठा तर आटत चाललाय, कारण एलईडीत ती नावापुरतीच लागते. वाढत जाणार आहे तो मॅग्नेटचा साठा, आणि आज धावणाऱ्या इलेक्ट्रिक रिक्षा-स्कूटर भंगारात येतील तेव्हा तर फारच. प्रमाणपत्रांच्या यादीत निओडिमियम आणि मॅग्नेटमधलंच दुसरं रेअर अर्थ डिस्प्रोसियम घाला. जालना आणि वाळूजला मॅग्नेट खरेदीची केंद्रं काढा, किमान भाव पाच वर्षांसाठी बांधून द्या, आणि पैसे भंगारवाल्याच्या हातात रोख पडू द्या. ट्यूबलाइट मात्र त्याच्याकडून फोडून घेऊ नका. ती अख्खी, खोक्यात घालून, विकणाऱ्या दुकानदारानंच परत घ्यावी.