वरची हवा खालच्या हवेसाठी थांबत नाही

विमान कसं उडतं हे सांगणारी एक आकृती वर्षानुवर्षं फिरते आहे. पंखाची वरची बाजू फुगीर, खालची सपाट, आणि सोबत मजकूर: 'पुढच्या कडेला दुभंगलेली हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचते. वरचा रस्ता लांब, म्हणून वरची हवा वेगाने जाते, तिचा दाब घटतो आणि विमान उचललं जातं.'

'एकाच वेळी पोचते.' का म्हणून? दुभंगलेल्या हवेने पुन्हा गाठ घ्यावी असा कुठलाही नियम नाही. केंब्रिज विद्यापीठाचे होल्गर बाबिन्स्की यांनी पंखावरून धुराचे तुटक झोत सोडून चित्रण केलं. त्यात वरचा धूर आधी मागच्या कडेला पोचतो, खालचा मागेच राहतो.

'वरचा रस्ता लांब.' थोडा असतो, पण हिशेब करून बघा. रस्ता दोन टक्के लांब, म्हणून वेग दोन टक्के जास्त धरला, तर सेकंदाला 60 मीटर वेगाने जाणाऱ्या विमानाच्या दर चौरस मीटर पंखाला जेमतेम 9 किलो उचल मिळते. चार आसनी छोट्या विमानालाही 65-70 किलो लागते. शिवाय 1903 मधल्या राइट बंधूंच्या विमानाचे पंख पातळ होते. त्यांच्या वरच्या-खालच्या रस्त्यांत फारसा फरक नव्हता. कसरतीच्या अनेक विमानांचे पंख तर दोन्ही बाजूंनी सारखेच असतात, आणि ती उलटीही उडतात.

'वेग वाढला की दाब घटतो.' इथे हा नियम सांगणाऱ्या बर्नुली या शास्त्रज्ञाला खोटं ठरवायचं कारण नाही. त्याचा नियम बरोबरच आहे. चुकलं ते वेग वाढण्याचं कारण. किंचित तिरका धरलेला पंख हवेला खाली वळवतो. वळणाऱ्या प्रवाहाच्या आतल्या बाजूला दाब कमी असावाच लागतो, एरवी प्रवाह वळणारच नाही. पंखाच्या पाठीवर असा कमी दाब तयार होतो आणि त्याच्याकडे ओढली गेलेली हवा वेग घेते. पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर. फुगीर आकाराचं खरं काम म्हणजे हवेला पाठीला धरून हळूहळू वळू देणं. तिरकेपणा साधारण 15 अंशांपुढे गेला की बहुतेक पंखांवर ती सुटते आणि उचल कोसळते.

पाण्यातही हेच. पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन, म्हणून काही बोटींखाली बसवलेला छोटासा पंख अख्खी बोट पाण्याबाहेर उचलतो. पेंग्विन तर पंखाचा कोन बदलत राहतो आणि पंख खाली मारताना जसा पुढे जातो, तसाच वर नेतानाही.